उल्कावर्षावांच्या जुन्या नोंदी व कालनिर्णय

जुन्या दप्तराची छाननी करणारा गृहस्थ सनदा, महजर, निवाडपत्रें, हिशेब व खासगी पत्रें काळजीनें वेगळीं काढतो. परंतु पंचांगाच्या कडेस किंवा पोथीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर ‘रात्रीं तारे बहुत तुटले’ अशा अर्थाची एखादी ओळ आढळली, तर ती उतरून घेण्याची तसदी बहुधा घेत नाहीं. असलें टिपण शकुनापशकुनाच्या सदरांत टाकून प्रकाशनाच्या वेळीं गाळलें जातें. या गाळण्यानें कागदांतील एक स्वतंत्र साक्षीदार आपण गमावतों, व एकदां गमावलेला हा साक्षीदार पुन्हां मिळत नाहीं, असें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम आमच्या शास्त्रकारांनीं या विषयाकडे कोणत्या दृष्टीनें पाहिलें तें सांगणें अवश्य आहे. वराहमिहिरानें बृहत्संहितेंत उल्कालक्षणावर स्वतंत्र अध्याय लिहिला असून उल्कांचे धिष्ण्या, उल्का, अशनि, विद्युत् व तारा असे पांच भेद सांगितले आहेत. स्वर्गांत पुण्यफल भोगून खालीं येणाऱ्यांचीं तीं रूपें होत, असें तो म्हणतो. कोणत्या भेदाचें फल किती दिवसांनीं मिळावयाचें याचाही हिशेब तेथें आहे: उल्का व धिष्ण्या यांचें एका पक्षानें, अशनीचें तीन पक्षांनीं, आणि विद्युत् व तारा यांचें सहा दिवसांनीं. आकार, वर्ण, गति, दिशा यांचें वर्णन इतकें बारीक आहे कीं, लिहिणाराच्या मागें प्रत्यक्ष पाहणारांची परंपरा होती हें उघड दिसतें. परंतु या सर्व विवेचनाचा रोख पुढें काय होणार यावर आहे. हीच गोष्ट मागें केव्हां झाली होती याकडे नाहीं. फलाची मुदत मोजली गेली, पुनरागमनाची मोजली गेली नाहीं. याचें दुसरें कारण आमच्या कालगणनेंत आहे. तें पुढें येईल.

आधुनिक ज्योतिषाचा या बाबतींतील सिद्धांत थोडक्यांत असा. धूमकेतु सूर्याजवळून जातांना धूळ व खडे मागें टाकीत जातो, आणि कालांतरानें त्याच्या साऱ्या कक्षेभर त्यांचा प्रवाह पसरतो. पृथ्वीची कक्षा ज्या ठिकाणीं या प्रवाहास छेदते तेथें पृथ्वी दरवर्षीं एकदां पोहोंचते, व त्या रात्रीं नेहमींपेक्षां पुष्कळ अधिक उल्का दिसतात. त्या सर्व एकमेकींस समांतर येत असल्यामुळें आकाशांतील एकाच उद्गमबिंदूपासून फांकल्यासारख्या भासतात, आणि तो बिंदु ज्या तारकापुंजांत असेल त्यावरून वर्षावास नांव मिळतें. चंद्रकक्षा व क्रांतिवृत्त यांच्या छेदांस आपण राहु-केतु म्हणतों. त्याच जातीचा हा उल्काप्रवाहाचा पात होय. म्हणून वर्षाव केव्हां व्हावयाचा हें चंद्राच्या तिथीवर अवलंबून नसून सूर्य कोणत्या राशीच्या कितव्या अंशास आहे यावर अवलंबून असतें.

निरयन राशिमानानें सांप्रतचें वर्ष मेषापासून पाहूं लागलें असतां मुख्य वर्षाव असे येतात. सूर्य मेषेच्या आठव्या-नवव्या अंशास, म्हणजे २२ एप्रिलच्या सुमारास, अभिजित् ताऱ्याच्या स्वरमंडल पुंजाजवळून एक वर्षाव होतो. मेषेच्या बाविसाव्या अंशास, मे महिन्याच्या आरंभीं, कुंभेंतील वर्षाव पहाटे दिसतो. ही हॅलेच्या धूमकेतूची धूळ. कर्केच्या सव्विसाव्या अंशास, १२-१३ ऑगस्टला, ययाति पुंजांतील प्रख्यात वर्षाव. पण महाराष्ट्रांत तेव्हां आकाश ढगांनीं भरलेलें असतें. तुळेच्या चौथ्या अंशास, २१ ऑक्टोबरच्या सुमारास, मृगांतील वर्षाव. ही पुन्हां हॅलेच्याच धूमकेतूची धूळ. वृश्चिक संक्रांतीच्या लगत, १७ नोव्हेंबरच्या सुमारास, सिंहेंतील वर्षाव. वृश्चिकेच्या शेवटीं, १४ डिसेंबरला, मिथुनेंतील वर्षाव. आमच्या निरभ्र हिवाळ्यांत सहज पाहावयास मिळणारा व संख्येनें सर्वांत भरघोस असा हाच. धनूच्या एकोणिसाव्या अंशास, ३-४ जानेवारीला, भूतप पुंजाच्या उत्तर भागांतून वर्षाव होतो. पण त्याचा उद्गमबिंदु फार उत्तरेस असल्यामुळें आपल्या अक्षांशावर तो पहाटेंच कायतो वर येतो.

यांपैकीं सिंहेच्या वर्षावाची कथा इतिहाससंशोधकास विशेष बोधप्रद आहे. ता. १३ नोव्हेंबर १८३३ च्या पहाटे उत्तर अमेरिकेंत उल्कांची अशी झड लागली कीं, लोक जगाचा अंत आला असें समजून घराबाहेर पडले. तेथील लाकोटा लोकांच्या चित्रमय वर्षावलींत तें वर्ष तारे पडल्याचें म्हणूनच नोंदलें आहे. येल येथील अध्यापक डेनिसन ओल्मस्टेड यांनीं ठिकठिकाणचीं वर्णनें गोळा करून, उल्का सिंहेंतील एकाच बिंदूपासून निघत होत्या हें दाखवून दिलें. १७९९ च्या नोव्हेंबरांत हुम्बोल्ट यानें दक्षिण अमेरिकेंतील कुमाना येथें असाच देखावा पाहिला होता. तेव्हां सुमारें तेहतीस-चौतीस वर्षांचें अंतर ध्यानांत आलें. परंतु दोन बिंदूंवरून नियम सिद्ध होत नाहीं. पुढचा पुरावा दुर्बिणींतून मिळणारा नव्हता. तो बखरींत पडलेला होता.

हें काम ह्यूबर्ट ॲन्सन न्यूटन या अमेरिकन गणितज्ञानें १८६४ सालीं केलें. एदुआर बियो या फ्रेंच चिनी-पंडितानें १८४१ मध्यें चिनी इतिवृत्तांतील उल्कांच्या नोंदी संकलित केल्या होत्या. त्यांबरोबर अरबी व युरोपीय बखरींतील नोंदी घेऊन न्यूटननें इ. स. ९०२ पासून १८३३ पर्यंतच्या सिंहवर्षावांची एक मालिका लावली. तीवरून सव्वातेहतीस वर्षांचें आवर्तन निघालें, व १८६६ च्या नोव्हेंबरांत वर्षाव पुन्हां होईल असें त्यानें सांगितलें. तो युरोपांत मोठ्या प्रमाणावर दिसला. त्याच जुन्या तारखांवरून पात ताऱ्यांच्या मानानें प्रत्येक आवर्तनांत सुमारें २९ कला पुढें सरकतो असेंही निघालें. प्रवाहाची कक्षा खरोखर किती वर्षांची, याविषयीं गणितानें पांच पर्याय संभवत होते. जॉन काउच ॲडम्स यानें १८६७ मध्यें ग्रहांच्या आकर्षणाचें गणित केलें, तेव्हां सव्वातेहतीस वर्षांच्या कक्षेसाठीं गुरूमुळें २०, शनीमुळें ७ व प्रजापतीमुळें १ मिळून २८ कला आल्या. इतर पर्यायांत हा मेळ बसेना. म्हणजे आकाशांतील कक्षेचा निवाडा अखेर बखरकारांच्या साक्षीवर झाला. त्याच सुमारास टेम्पेल-टटल हा धूमकेतु या प्रवाहाचा जनक असल्याचें निश्चित झालें, आणि इटलींत स्कियापारेल्ली यानें ययातीच्या वर्षावाचा संबंध १८६२ च्या स्विफ्ट-टटल धूमकेतूशीं जुळविला.

आतां या नोंदी आमच्या कालगणनेंत मांडून पाहूं. इ. स. ९०२ चा वर्षाव १३ ऑक्टोबरचा; म्हणजे शके ८२४, कार्तिक शुद्ध अष्टमीच्या सुमाराचा. इ. स. १२०२ चा १९ ऑक्टोबरचा. शके ११२४, दिवाळीची अमावास्या-प्रतिपदा. इ. स. १५३३ चा २५ ऑक्टोबरचा. शके १४५५, कार्तिक शुद्ध सप्तमीच्या सुमाराचा. इ. स. १८३३ चा १३ नोव्हेंबरचा. शके १७५५, पुन्हां दिवाळीची अमावास्या-प्रतिपदा. या तिथींकडे पाहून कोणासही नियम सुचणार नाहीं: अष्टमी, प्रतिपदा, सप्तमी, प्रतिपदा. पण त्याच रात्रींचा निरयन सूर्य पाहिला तर तो अनुक्रमें तुळेच्या सुमारें पंधराव्या, विसाव्या, पंचविसाव्या व एकोणतिसाव्या अंशास सांपडतो. आणि आमच्या काळीं तो वृश्चिकेच्या पहिल्या अंशावर आला आहे. पावलें कशीं एकसारखीं पडत आहेत! तिथींत लपलेला नियम संक्रांतीपासून दिवस मोजतांच उघडा झाला. चांद्रमानानें लिहिणाऱ्या आमच्या पूर्वजांस, चिनी लेखकांस व अरबी बखरकारांस हें आवर्तन दिसलें नाहीं याचें एक मुख्य कारण हेंच. त्यांचें निरीक्षण कमी नव्हतें. नोंदी एका मापावर आणण्याचें काम राहिलें होतें.

येथें आमच्या निरयन सौरमानाचा एक गुण सांगितला पाहिजे. वर्षावाचा पात ताऱ्यांच्या संदर्भानें स्थिर किंवा मंदगति असतो, आणि निरयन वर्ष हेंही ताऱ्यांसच धरून आहे. सूर्यसिद्धान्ताचें वर्ष खऱ्या नाक्षत्र वर्षाहून इतकें थोडें मोठें आहे कीं, हजार वर्षांत अडीच दिवसांच्या आंतच अंतर पडतें. उलट इंग्रजी तारीख ऋतूंस बांधलेली असल्यामुळें अयनगतीनें तिच्यांत सुमारें एकाहत्तर वर्षांस एक दिवस असा फरक पडत जातो. आणि १५८२ पूर्वीच्या तारखा जुन्या ज्यूलियन पद्धतीच्या असतात हा घोटाळा वेगळाच. वर दिलेल्या उदाहरणांत ९०२ पासून १८३३ पर्यंत सिंहवर्षाव १३ ऑक्टोबरवरून १३ नोव्हेंबरवर, म्हणजे एकतीस दिवस पुढें गेला. त्यांतील पांच दिवस ज्यूलियन व ग्रेगोरियन पद्धतींतील भेदाचे, सुमारें तेरा अयनगतीचे, आणि राहिलेले सुमारें तेरा मात्र पाताच्या खऱ्या गतीचे.

ज्या प्रवाहाचा पात जवळजवळ स्थिर आहे त्याची कसोटी याहूनही सोपी. चिनी इतिवृत्तांत इ. स. ३६ च्या १७ जुलैस शंभराहून अधिक उल्का दिसल्याची नोंद आहे. ही ज्यूलियन तारीख. ग्रेगोरियन पद्धतीनें १५ जुलै. तींत सुमारें दोन हजार वर्षांच्या अयनगतीचे अठ्ठावीस दिवस मिळविले कीं १२ ऑगस्ट येतो, आणि ययातीचा वर्षाव आजही त्याच रात्रीं होतो. चीनच्या ‘वसंत-शरद’ या इतिवृत्तांत इ. स. पूर्वीं ६८७ मध्यें मध्यरात्रीं तारे पावसासारखे पडल्याचा उल्लेख आहे. त्याची तारीख २३ मार्च, ग्रेगोरियन पद्धतीनें १६ मार्च. तींत सुमारें सदतीस दिवस मिळवितां २२ एप्रिल, म्हणजे स्वरमंडलाचा वर्षाव. सत्तावीसशें वर्षांपूर्वींच्या एका ओळीची सत्यता आज कोणीही अंगणांत उभा राहून पडताळूं शकतो. इतका बळकट पडताळा किती राजकीय नोंदींस मिळतो?

तारखेबरोबर दिवस कोठून धरला आहे हेंही पाहावें लागतें. आणि उल्कांच्या बाबतींत तर हें विसरून चालतच नाहीं. पृथ्वी ज्या दिशेनें धांवते ती तिची बाजू मध्यरात्रीनंतर आपल्या डोक्यावर येते. म्हणून बहुतेक वर्षाव उत्तररात्रीं भरास येतात. ही उत्तररात्र आमच्या पद्धतीनें आदल्या वारांत मोडते, कारण आमचा वार सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत असतो. युरोपीय पद्धतीनें ती पुढच्या वाराची. मुसलमानी पद्धतींत दिवस सूर्यास्तापासून लागतो. म्हणून शुक्रवारच्या सूर्यास्तानंतरची सारी रात्र शनिवारची. गुरुवारास ‘जुम्मेरात’ हें नांव याच पद्धतीमुळें पडलें आहे. इ. स. १२०२ च्या वर्षावाबद्दल अरबी लेखकांनीं हिजरी ५९९ च्या मोहरमची अखेर व शनिवारची रात्र असा काळ दिला आहे. १९ ऑक्टोबर १२०२ ला वार शनिवारच येतो. तेव्हां ही रात्र शुक्रवार-शनिवारमधील ठरते. मोहरमची अखेर म्हणजे चंद्र नाहीं, अंधारी रात्र. मंद उल्काही दिसाव्यात अशी. तारीख, वार, चंद्रकला व सूर्याचा अंश हे चारही साक्षीदार एकमुखानें बोलतात. तीच रात्र आमच्या एखाद्या टिपणांत लिहिली असती तर तिच्यावर शुक्रवार पडला असता. आणि ही गोष्ट न जाणणाऱ्या संपादकानें ‘वार जुळत नाहीं’ म्हणून तें टिपण संशयित ठरविलें असतें. पेशवाईच्या कागदांत ‘छ’ या चिन्हानें मुसलमानी चंद्र व जोडीस तिथि असे दोन्ही काळ अनेकदां येतात; तेथें रात्रीच्या प्रसंगाचा वार ठरवितांना हा भेद ध्यानीं ठेविला पाहिजे.

शकुनाची दृष्टि नोंदींत काय बिघाड करते याचें उदाहरण इ. स. ९०२ चें आहे. त्या ऑक्टोबरांत इटलींतील कोसेन्झा शहरास वेढा घालून बसलेला आफ्रिकेचा अघलबी अमीर इब्राहीम बिन अहमद मरण पावला. त्याचा मृत्यु २३ ऑक्टोबरचा असतां, तारे पडले ते त्याच्याच मृत्यूच्या रात्रीं, असें पुढील बखरींत येऊन बसलें. राजा मेला आणि आकाशानें अश्रु ढाळले, ही जोडणी बखरकारास मोह घालते. दहा दिवसांचें अंतर तिनें गिळून टाकलें. याचा अर्थ बखर खोटी असा नव्हे. तारे पडले हें खरें व अमीर मेला हेंही खरें. संशोधकानें दोन्ही घटना घ्याव्या व त्यांस बांधणारी गांठ तेवढी सोडावी. आमच्या बखरींतील उत्पातवर्णनांस हाच न्याय लागू आहे.

आतां आरंभीं म्हटलेली गोष्ट: हा साक्षीदार पुन्हां मिळत नाहीं. उल्काप्रवाह नित्य नाहींत. बिएला नांवाचा धूमकेतु १८४६ मध्यें दुभंगलेला दिसला, १८५२ नंतर तो दिसेनासा झाला, आणि २७ नोव्हेंबर १८७२ च्या रात्रीं देवयानी पुंजांतून उल्कांची मोठी झड लागली. गॉटिंगेनच्या क्लिंकरफ्यूस यानें तत्काळ मद्रासच्या वेधशाळेंत पॉगसन यांस तार करून, धूमकेतु पृथ्वीस स्पर्शून दक्षिणेकडे गेला असेल, तेथें शोधावा, असें कळविलें. पॉगसन यांस डिसेंबरच्या आरंभीं त्या बाजूस एक धूमकेतु आढळलाही, जरी तो बिएलाचा नव्हे असें पुढील गणितांत ठरलें. १८८५ मध्यें त्याच रात्रीं वर्षाव पुन्हां झाला. त्यानंतर तो ओसरत जाऊन आज जवळजवळ नामशेष झाला आहे. १७९८ मध्यें हाच वर्षाव ६ डिसेंबरच्या सुमारास होत असे; म्हणजे त्याचा पात उलट मागें सरकत होता. उलट मिथुनेचा वर्षाव, जो आज सर्वांत मोठा, तो इ. स. १८६२ च्या सुमारास प्रथम निरीक्षकांच्या ध्यानीं आला. त्याचा जनक फेथन हा खगोल तर १९८३ मध्यें उपग्रहाच्या साहाय्यानें सांपडला. ज्या प्रवाहास आज आकाशांत शोधून उपयोग नाहीं त्याचें अस्तित्व आतां कागदावरच उरलें आहे. तो कागद गेला कीं सर्वच गेलें.

या ज्ञानाचा उपयोग दोन्ही बाजूंनीं होतो. ज्योतिष्यास जुनी नोंद हवी असते: १९९९ च्या सिंहवर्षावाची वेळ डेव्हिड ॲशर व रॉबर्ट मॅकनॉट यांनीं कांहीं मिनिटांच्या फरकानें अचूक वर्तविली, ती धूमकेतूनें प्रत्येक फेरींत सोडलेल्या धुळीचा माग शतकानुशतकें मागें नेऊन. इतिहासज्ञास कागदाची परीक्षा हवी असते. कल्पना करूं कीं एखाद्या पोथीवर शक अस्पष्ट आहे, पण मास, तिथि, वार व ‘उत्तररात्रीं तारे असंख्य तुटले’ एवढें वाचतां येतें. मास-तिथीवरून सूर्याचा अंश ठरतो, वारावरून संभाव्य शक थोडे उरतात, आणि सिंहवर्षावाचें सव्वातेहतीस वर्षांचें चक्र त्यांतून निवड करण्यास मदत करतें. मदत करतें, निकाल देत नाहीं. कारण नोंद नसली म्हणजे वर्षाव झाला नाहीं असें होत नाहीं. १८३३ ची झड अमेरिकेंत पहाटे लागली तेव्हां पुण्यांत दुपार होती. तसेंच प्रत्येक तुटलेला तारा वर्षावाचा नसतो. एकटीच मोठी उल्का कोणत्याही रात्रीं पडूं शकते, व शेंडेनक्षत्र तर निराळीच वस्तु.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति आहे कीं, असें टिपण आढळल्यास तें मूळ शब्दांत, मूळ शुद्धाशुद्धासह उतरावें. अर्थ लावून लिहूं नये. शक, संवत्सर, मास, पक्ष, तिथि व वार यांपैकीं जें असेल तें सर्व घ्यावें. न जुळणारा वार दुरुस्त करूं नये. प्रहर किंवा घटिका, दिशा, संख्या व चंद्राचा उल्लेख यांतील एक शब्दही गाळूं नये. टिपणाचें अक्षर पोथीच्या अक्षराहून भिन्न आहे काय व तें कोणत्या पानावर आहे हें नमूद करावें. मग सूएल व दीक्षित यांच्या कोष्टकांवरून अथवा स्वामिकन्नू पिळ्ळे यांच्या पंचांगावरून त्या दिवसाचा निरयन सूर्य काढून वर दिलेल्या अंशांशीं ताडून पाहावा. पाव घटकेचें काम आहे. लिहिणारानें ती ओळ भयानें लिहिली असेल, कीं कुतूहलानें. परंतु त्यानें त्या रात्रीं वर पाहिलें होतें, आणि जें पाहिलें त्यास तिथि घातली होती. ती तिथि सांभाळणें हें आतां आपलें काम आहे.